तिला माझी विधवा व्हायचं होतं

दसऱ्यानंतर मेव्हण्याचा फोन आला. "शकू गेली. तुमची पोटगी सुटली, या आता," एवढं बोलून त्याने ठेवून दिला. शकुंतला माझी बायको. वीसेक वर्षं ती कात्रजला या भावाकडे राहिली आणि मी मंडईमागच्या खोलीत. कशावरून बिनसलं ते सांगत बसत नाही, दोघांचीही तोंडं वाईट. कोर्टाने पोटगी लावली, ती माझ्या पेन्शनीतून जायची. मी पाणीखात्यात चावीवाला होतो, गल्लोगल्ली व्हॉल्व्ह सोडायचो. शिक्षण सातवी, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर चालवून घ्या.

घटस्फोट मी मागितला, तिने दिला नाही. वकिलासमोर म्हणाली, "सोडलेल्या बाईला पेन्शन नाही, विधवेला आहे. मी थांबते... यांचं वय झालंच आहे." वकील हसला. मी नाही हसलो. टॅक्सचं रिटर्न भरणाऱ्या बाईंना मी एकदा म्हटलं, पोटगी उत्पन्नातून वजा करा की. त्या म्हणाल्या, "नाही होत, काका. पैसे त्यांना, टॅक्स तुम्हाला." हे शकूला कळलं तेव्हा तिने भावाच्या घरी शिरा केला म्हणे.

दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्याने बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवायचं असतं. मशीनवर अंगठा ठेवायचा. लोखंडी चाव्या फिरवून माझ्या अंगठ्याच्या रेषा गेलेल्या, मशीन काही घेईना. शकू आधीच बाकावर येऊन बसलेली असायची, मी अजून आहे का बघायला. "अहो, डोक्याला पुसा अंगठा, तेल लागतं त्याला." मग माझ्या टकलाकडे बघून, "तिथे कुठलं तेल म्हणा!" आणि चारचौघांत माझा हात ओढून अंगठा स्वतःच्या तेलकट केसांत खसाखसा फिरवायची, खरकटं भांडं घासावं तसा. मशीन घ्यायचं. "आहे मेला जिवंत," म्हणायची, "माझी पोटगी चालू." मग पासबुक भरून मिळेपर्यंत आम्ही त्याच बाकावर बसायचो.

"खोकला कसला येतोय?"

"तुला काय त्याचं? लवकर सुटशील."

"सुटले तर बरंच की."

अख्ख्या वर्षात माझा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं...

स्मशानात तिचं तोंड उघडं ठेवलं होतं. दवाखान्यात पडून पडून केस राठ झालेले, तेलाचा थेंब नाही. मी भांगावर अंगठा टेकवला. मेव्हणा म्हणाला, "आता कसला अंगठा लावताय? झाल्या सगळ्या सह्या." मी म्हटलं, "तू गप." आता पेन्शनीच्या कागदावरून तिचं नाव काढा म्हणतात. ज्यासाठी एवढी थांबली, ते तिला मी मिळू दिलं नाही, असंच ती म्हणाली असती. मी मरायला हवं होतं आधी. तेवढंही जमलं नाही.

परवा बँकेत गेलो. मंडईतून खोबरेल घेतलं होतं, ते टकलाला चोपडलं, अंगठा घासला. मशीनने घेतला नाही. पुन्हा नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "डोळ्यांचं मशीन आणते काका, बसा बाकावर." बसलो, कडेला. गर्दी वाढली तसा शिपाई खेकसला, "आजोबा, आत सरका की! बाक काय विकत घेतलाय?"

मी सरकलो नाही. नोव्हेंबरात तिथे ती बसते.