डाव्या हाताची गिटार

लग्नाआधी मी माझ्या मामांच्या गायन पार्टीत गिटार वाजवायची. हदगाव, हिमायतनगरकडच्या गावांत भीमगीतांचे कार्यक्रम असायचे, जयंतीला तर एका गावातून दुसऱ्या गावात. मामा गायचे, पेटी, ढोलकी आणि कीबोर्ड वाजवणारे तिघं जण, आणि कडेला खुर्ची टाकून मी. गिटार साधी, लाकडी. नांदेडला कॉलेजात असताना वसतिगृहातल्या एका मैत्रिणीकडून शिकले होते. फार येत होतं असं नाही, पण मामांच्या गाण्याला जेवढं लागायचं तेवढं येत होतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली त्याच्या पुढच्या सुट्टीत माहेरी गेले होते. म्हशीसाठी वैरण करून राहिलो होतो, कडबा कुट्टी, म्हणजे वैरण बारीक कापायचं यंत्र, चालू होती. ओला कडबा आत जाईना म्हणून मी डाव्या हाताने ढकलला. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं, दोन्ही अर्ध्यातून गेली. मी फार रडले नाही, कारण काय झालं ते कळायलाच वेळ लागला. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले आणि विचारलं, "लिहिता कोणत्या हाताने?"

"उजव्या."

"मग थोडक्यात निभावलं."

त्यांना गिटारीचं सांगावं असं वाटलं नाही. गिटारीत तारा दाबायचं सगळं काम डाव्या हाताचं असतं. उजवा नुसता छेडतो.

नंतर लग्नाचं ठरायला लागलं. मुलगा हदगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवत होता, म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवीन तांब्याची तार भरून द्यायचं काम. बघायला आले तेव्हा मी पदर बाजूला करून हात पुढे केला. आधीच दिसलेलं बरं. त्याने हात बघितला आणि म्हणाला, "माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकाईचे हात असेच हायेत." त्याच्या आईने त्याला कोपर मारलं. मला मात्र तो तिथेच पसंत पडला.

सासरी जाताना गिटार का नेली ते मला सांगता येणार नाही. खोलीत खिळ्याला टांगलेली असायची. तिच्यावरची धूळ मी पुसायची, वाजवत नव्हते. एकदा नवरा जेवता जेवता म्हणाला, "ती उलटी धरली तर?"

"तुम्हाला काय कळतं त्यातलं."

"कळत न्हाई म्हणूनच विचारून राहिलो. उजव्या हाताला तर सगळी बोटं हायेत की तुह्या."

मला राग आला. असं सुचवायला काही लागत नाही. पण पुढच्या रविवारी तो दुकानात गेल्यावर मी गिटारीच्या सगळ्या तारा काढल्या, उलट्या क्रमाने लावल्या, आणि उजव्या हाताने तिच्या मानेवर पहिला सूर दाबला. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट शाबूत आहे. त्या दोघांत छेडायची छोटी प्लास्टिकची पट्टी नीट धरता आली.

उजव्या हाताला काहीच येत नव्हतं. माझ्या डोक्याला सगळं पाठ, हाताला काही नाही. पहिलीच्या मुलांना अक्षर गिरवायला लावताना मी चिडायची, ते त्या दिवसांत थांबलं. बोटांच्या टोकांना फोड आले आणि त्याच बोटांनी शाळेत खडू धरायचा. पण हळूहळू जमत गेलं. मोबाइलवर शिकवण्या बघायची, त्यातले सगळे वाजवणारे उजवे. मला प्रत्येक गोष्ट मनात उलटी करून घ्यावी लागायची.

एका उन्हाळ्यात मामा घरी आले तेव्हा मी वाजवून दाखवलं. मामांनी गिटार हातात घेऊन उलट्या तारा बघितल्या. मग म्हणाले, "माय, पार्टीत ये पुन्हा. पण ही लाकडी न्हाई चालायची आता."

मामांचं बरोबर होतं. आता मंचावर मोठमोठे स्पीकर असतात. लाकडी गिटारीसमोर माइक ठेवला की तो शिट्टी मारतो, आणि माइक लांब केला तर गिटार कुणाला ऐकूच येत नाही. इलेक्ट्रिक गिटार हवी होती, वायर थेट आवाज वाढवणाऱ्या मशीनला जोडता येईल अशी. आणि घ्यायची तर चांगली घ्यायची, असं मी ठरवलं.

नवरा आणि मी नांदेडच्या दुकानात गेलो, तिथे भिंतभर गिटारी टांगलेल्या होत्या. दुकानदार उत्साही होता. मी सांगितलं, डाव्या हाताने छेडायची हवी आहे. त्याने सगळ्या भिंतीवरून नजर फिरवली, जणू त्यात एखादी निघेल.

"डाव्या हाताची कोणी मागतच नाही, मॅडम. पण काही अडचण नाही. ही घ्या, तारा उलट्या लावून देतो."

लाकडी गिटार दोन्ही बाजूंनी सारखी असते, म्हणून तिला हे चालून गेलं होतं. इलेक्ट्रिक तशी नसते. तिच्या अंगाला एका बाजूने खाच असते, वरच्या सुरांपर्यंत हात पोचावा म्हणून. उलटी धरली की खाच वरच्या बाजूला जाते आणि हाताच्या आड लाकूड येतं. आवाजाची बटणं खाली असायची ती वर येतात. मी छेडायला लागले की माझ्या मनगटाने बटण फिरायचं आणि आवाज आपोआप बारीक व्हायचा. वायर खोचायचं छिद्रही वर.

नवऱ्याने गिटार हातात घेऊन मागची झाकणी बघितली. "हे सोपं हाय. बटणं काढून खालच्या अंगाला लावतो, तिकडं भोक पाडतो. दुपारभराचं काम."

तो करून देईल याची मला खात्री होती. घरातला मिक्सर, कूलर, सगळं त्याने असंच चालवलेलं आहे. पण मी नको म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर त्याने विचारलं, "का बरं?"

"माझ्यासाठी काहीतरी तासून, ठोकून बसवलेलं नको मला. आधीपासून माझ्या हाताची असावी."

  पुढे चहाच्या टपरीवर त्याने मोबाइलवर डाव्या हाताच्या गिटारी शोधायला सुरुवात केली. फोटोत सगळ्या छान दिसत होत्या. पण फोटोवरून चपलासुद्धा नीट येत नाहीत.

आमच्याच शाळेतल्या एका बाईंची बहीण लातूरला राहते. तिच्या शेजारी गिटार शिकवणारे एक सर जन्मापासून डावरे आहेत आणि दोनपैकी एक गिटार विकणार आहेत, असं कळलं. फोन केला. ते म्हणाले, या. आम्ही नांदेडहून लातूरच्या एसटीत बसलो. लोहा, अहमदपूर, चाकूर. नवरा खिडकीला डोकं टेकून झोपला आणि मी वाटभर उजव्या हाताने मांडीवर सूर दाबत होते.

सर पन्नाशीचे, बारीक, कमी बोलणारे. पुढच्या खोलीत क्लास. विकायची गिटार त्यांनी आधीच काढून ठेवली होती, लालभडक, चकचकीत, हलकी. मला बघूनच आवडली. मी बसले, पट्टा गळ्यात घातला. छेडायची पट्टी धरण्यासाठी डावा हात पदराबाहेर काढला तेव्हा त्यांनी तो बघितला.

"कशाने?" त्यांनी विचारलं.

"कडबा कुट्टी."

"मग आधी उजव्या होतात."

"हो."

"म्हणजे दोनदा शिकलात," ते म्हणाले, आणि मशीनचं बटण चालू केलं.

लाल गिटार वाजवायला सोपी होती, पण मी थांबले की मशीनमधून घूं असा आवाज येत राहायचा. नवऱ्याने वरच्या ट्यूबलाइटकडे बोट दाखवलं. "त्याच्यामुळं का?" सरांनी ट्यूब बंद केली. आवाज बराच कमी झाला. गिटारीच्या तारांखाली आवाज पकडणारी पिकअप असते, म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार. नवऱ्याला ते समजल्याबरोबर तो पुढे सरकून बसला. त्याचा प्रांत आला होता.

"तुम्ही कुठे वाजवणार?" सरांनी मला विचारलं.

"गावांतल्या मंचावर. जनरेटर, फोकस, सगळं एकाच वायरीवर."

"मग ही नका घेऊ," ते म्हणाले. "घरात ठीक आहे. तिथे गाण्यापेक्षा हिची घूंघूंच जास्त ऐकू येईल."

त्यांनी कोपऱ्यातली दुसरी गिटार दिली. जड, काळी, कडेचा रंग उडालेला. तिच्यात पिकअपच्या जागी दोन-दोन तारगुंडाळ्या जोडीने बसवलेल्या होत्या, एक दुसरीच्या उलट, म्हणजे बाहेरची घरघर एकमेकींत विरून जाते. ट्यूब चालू असतानाही ती गप्प होती. मी एक सूर दाबला आणि सोडला नाही. तो खूप वेळ टिकला. मी मामांच्या गाण्याची चाल वाजवली, मग पुन्हा वाजवली. खांद्यावर वजन येत होतं, तरी काढून ठेवावीशी वाटेना.

"ही द्याल का?" मी विचारलं.

सरांनी मान हलवली. "ही नाही देता येणार. माझं सगळं हिच्यावर झालंय."

मला वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं कळलं. आम्ही उठणार तेवढ्यात ते म्हणाले, "बसा. एवढ्या लांबून आलात. अशी दुसरी मिळेल, पण बघून कशी घ्यायची ते शिकून जा."

त्यांच्या पत्नीने मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा आणला. खाऊन झाल्यावर त्यांनी शिकवलं. गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावून तिची मान सरळ आहे का पीळ पडलाय ते बघायचं. प्रत्येक तार मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या प्रत्येक घरात दाबायची, एकही घर सोडायचं नाही, कुठे सूर मरतो का, खरखरतो का ऐकायचं. तार जोरात ओढून सोडायची आणि ती परत त्याच सुरावर येते का बघायचं. रंग सगळ्यात शेवटी.

मग त्यांनी लाल गिटार घेतली, काळी माझ्याकडे ठेवली, आणि आम्ही शेजारी शेजारी बसून वाजवलं. ते डावीकडून छेडत होते, मीही. त्यांचा उजवा हात मानेवर कसा वळतो, अंगठा मागे कुठे टेकतो, ते मी बघत राहिले. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे हात उलटे करून बघत आले होते. इथे काहीच उलटं करावं लागत नव्हतं. मला भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी खाली तारांकडे बघत वाजवत राहिले. नवऱ्याला कळलं असावं. तो उगाच सरांच्या पत्नीला त्यांच्या बोअरच्या मोटारीबद्दल विचारत बसला.

नांदेडला परत येऊन मी त्याच दुकानदाराला सांगितलं की डाव्या हाताची, जोडपिकअपवाली मागवा, पण मी वाजवून बघितल्याशिवाय घेणार नाही. तो हो म्हणाला. हैदराबादहून खोकं आलं. आत सुंदर निळी गिटार होती. मान सरळ. मी स्टुलावर बसून एकेक घर दाबत गेले. दुकानात येणारी जाणारी गिऱ्हाइकं बघत होती. सगळ्यात बारीक तारेवर, वरच्या बाजूच्या एका घरात, सूर टप्पकन मेला. पुन्हा दाबला, पुन्हा मेला.

"मॅडम, तेवढं तर चालतंय," दुकानदार म्हणाला. "तिथपर्यंत कोण जातंय?"

"मी जाते."

"मंचावर कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

त्याचं तोंड उतरलं. त्याने नवऱ्याकडे बघितलं, बहुतेक पुरुष माणूस मध्यस्थी करील म्हणून. नवरा म्हणाला, "मी मोटार भरून देतो तेव्हा एक गुंडाळी कच्ची असली तर गिऱ्हाईक घेत न्हाई. घ्यायची तिला हाय, तिची ती बघंल." दुकानदाराने खोकं परत बांधलं.

दुसरी यायला पावसाळा निम्मा सरला. तपकिरी रंगाची, शाळेच्या जुन्या बाकासारखी, रूपाला काहीच नाही. मी सगळी घरं दाबली. तारा ओढल्या, सोडल्या. दुकानातल्या ट्यूबलाइटच्या बरोबर खाली उभी राहून थांबले. काही आवाज नाही. मग मामांच्या गाण्याची चाल वाजवली. दुकानदार तेवढ्यापुरता हिशेब करायचा थांबला आणि म्हणाला, "ही चांगली आहे." मीही तेच म्हणाले आणि घेतली.

पहिला कार्यक्रम हिमायतनगरजवळच्या एका गावात, नव्या विहाराच्या उद्घाटनाला, दुपारचा. नवऱ्याने आधी जाऊन जनरेटरची अर्थिंगची वायर जमिनीत नीट पुरून घेतली, कारण खराब अर्थिंगवर तारांना हात लावला तर झटका बसतो. मामांनी पहिलं गाणं धरलं. मी दोन ओळी चुकले, तिसरीला जमलं. सूर स्पीकरमधून माझ्या आधी मैदानाच्या टोकाला पोचल्यासारखा वाटला. एवढा मोठा आवाज मी याआधी कधी काढला नव्हता. मला जरा भीती वाटली, आणि नंतर ती गेली.

कार्यक्रम संपल्यावर पंगतीत वरण-भात खाताना शेजारच्या एका आजीने माझ्या हाताकडे बघून विचारलं, "बाई, त्या वायरवाल्या गिटारीतून करंट लागत न्हाई का गं?"

"न्हाई लागत, आजी."

"मग परत येशील का जयंतीला?"

मी म्हणाले येईन, आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक जिलेबी टाकली.