काजमास्तर उठले

काजमास्तरांच्या दुकानात गिऱ्हाइकाने स्वतःभोवती फिरायचं असे. मास्तर गादीवर ठाण मांडून बसलेले, हातात टेप, आणि समोरच्याला हुकूम, "फिरा. आणखी थोडे. हं, पुरे." कुणी नवखा बावचळला तर म्हणायचे, "उठतो तो शिंपी कसला?" डाव्या हाताशी कात्री, उजव्या हाताशी इस्त्री, पाठीशी रिळं, गुडघ्याशी बिस्किटांचा डबा आणि गोड चहाचा थर्मास. कशालाही उठावं लागू नये अशी ती मांडणी त्यांनी वर्षानुवर्षं जमवत आणली होती. बायको तिला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायची.

पण कोटाचं काज करावं तर याच माणसाने. बटणासाठी चीर द्यायची आणि तिच्या कडेने दोऱ्याचे बारीक टाके घालत जायचं. मास्तरांची कड अशी एकसारखी यायची की 'काजमास्तर' हे टोपणनावच पडलं. म्हणून मुलगी वकिलीची परीक्षा पास झाली तेव्हा म्हणाली, "बाबा, माझा काळा कोट तुम्हीच शिवायचा. काजं हाताची हवीत."

आणि नेमका तेव्हाच बोटांनी दगा दिला. सकाळी मूठ वळेना. सांधे सुजलेले, हात लावला तर गरम. पहिल्याच काजात सुई दोनदा निसटली, कड वेडीवाकडी झाली. मास्तरांनी ते उसवलं आणि कोट कपाटात तळाशी दडवला. मुलीला सांगितलं, "अस्तर मिळत नाहीये." आयुष्यात पहिल्यांदा ते लेकीशी खोटं बोलले आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. बायकोने ओळखलं आणि डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

रक्त तपासून झाल्यावर बाईंनी विचारलं, "सुई टोचली की बोट सुजतं ना?"

"दोन दिवसांत उतरतं."

"तीही सूजच, पण कामाची. शरीराचे राखणदार धावून येतात, जखम सांभाळतात आणि परत जातात. तुमचे परत जातच नाहीत. चोर सापडत नाही म्हणून घरच्यांनाच बडवतात, तुमच्या सांध्यांना."

"का पण?"

"एकच एक कारण नाही सांगता येत. काहींच्या अंगातच असतं. पण आत धुमसतंय त्यात रोज काड्या घालायच्या की नाही, ते आपल्या हातात. दिवसभर एका जागी बसणं, सिगारेट, गोड चहा-बिस्किटांवर दुपार काढणं, अपुरी झोप. गोळ्या तर घ्यायच्याच. मनाने बंद करायच्या नाहीत."

मास्तरांनी गोळ्या इमानाने घेतल्या. बाकी पालथ्या घड्यावर पाणी. "जित्याची खोड," बायको पुटपुटली, पण म्हण तिने पुरी केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधी दुकानात गेली.

मास्तर आले तर कात्री दाराजवळच्या खिळ्याला, इस्त्री पलीकडच्या टेबलावर, रिळं उंच फळीवर. डबा आणि थर्मास गायब.

"चोरी झाली की काय?"

"काही गेलेलं नाही. सगळं इथंच आहे, फक्त तुमच्यापासून लांब. जेवण घरी मिळेल, चालत या."

पहिला आठवडा मास्तर धुसफुसत उठले, धुसफुसत बसले. कात्रीला शिव्या दिल्या, बायकोला देण्याची हिंमत नव्हती. दुपारी भाकरी-भाजी खायला घरी जाऊ लागले. दिवेलागणीनंतर तिने दुकान उघडं ठेवू दिलं नाही, त्यामुळे झोप पुरी व्हायला लागली. सिगारेट मात्र सहजी सुटली नाही. दोनदा सोडली, दोनदा चोरून ओढली, तिसऱ्यांदा सुटली.

काही महिन्यांनी रक्ताचा अहवाल बरा आला. "हे गोळ्यांमुळे की चालण्यामुळे?" मास्तरांनी विचारलं.

"दोघांना मिळून काम करू द्या," बाई हसल्या. "तुम्ही मध्ये भांडण लावू नका."

एखादी सकाळ अजून आखडलेली यायची. पण मूठ वळत होती. मास्तरांनी कपाटातून कोट काढला. एक काज करायचं, मग उठून दारापर्यंत जायचं, बोटं उघडझाप करायची आणि परत बसायचं. पूर्वी सकाळभरात उरकणारं काम कितीतरी दिवस चाललं. शेवटच्या काजाची गाठ मारून त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. कड एकसारखी लागली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

संध्याकाळी मुलगी कोट घालून बघायला आली. गादीसमोर उभी राहिली आणि लहानपणापासूनच्या सवयीने हळूहळू स्वतःभोवती फिरू लागली.

"थांब," मास्तर म्हणाले. "तू नको फिरूस."

त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले, उठले आणि लेकीभोवती एक पुरी फेरी मारली. खांदे पाहिले, पाठ पाहिली, मग समोर येऊन स्वतःच्या बोटांनी एकेक बटण लावलं.