बसमधलं पावणं

कुणी "ओ पावणं" अशी हाक मारली की मला आजही हसू येतं. याच शब्दानं एकदा मला चांगलाच घाम फोडला होता.

तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका केंद्रात शिकवत होते. बुद्धीनं जरा सावकाश चालणारी मुलं-मुली तिथं सकाळी यायची आणि चारला घरी जायची. मुलं म्हणते खरी, पण सगळी विशी ओलांडलेली. भाजी निवडणं, कपडे वाळत घालणं, बसचं तिकीट काढणं, असलं सगळं आम्ही शिकवायचो. लोक विचारायचे, "ह्यात काय शिकवायचं असतंय?" मी म्हणायचे, "या एक दिवस. चहा शिकवून दाखवा, मग बोला."

एका पोरीला चहा शिकवायला मला दोन महिने लागले. चोविशीची, गोल चेहऱ्याची आणि हट्टीपणात माझी बहीण शोभेल अशी. घड्याळ कळायचं नाही, आकडे तीनपर्यंतच. म्हणून मी तिला सांगितलं, चहा तीनदा वर आला की गॅस बंद. आणि पावणं आलं की आधी पाणी, मग चहा. हे ती दिवसभर पुटपुटत असायची. बसच्या धड्यात आणखी एक गोष्ट घोकून घेतली होती, की अनोळखी माणसाशी बोलायचं नाही.

तिची आई विधवा, गुडघ्यांनी हैराण. लेकीला तिनं कधी गॅसजवळ फिरकू दिलं नव्हतं. एक दिवस ती एका वसतिगृहाचा फॉर्म घेऊनच केंद्रात आली. "बाई, माझ्यामागं हिला कोण बघणार? दिवाळी झाली की ठेवते तिकडं." पोरीनं ते ऐकलं आणि तीन दिवस डबा उघडला नाही. "मला माझंच घर पायजे," एवढंच म्हणायची. मी आईशी भांडले, अगदी कचाकचा. शेवटी तिनं एक महिना दिला. रोज एकटीनं बसनं घरी यायचं. एक जरी घोळ झाला, तर फॉर्म भरणार.

महिना संपायला दोनच दिवस उरले होते. साडेचारला मोबाईल वाजला. "बाई, या आत्ताच्या आत्ता! तुमच्या शिकवणीनं माझ्या पोरीनं रस्त्यावरचा माणूस घरात आणून बसवलाय!"

होते तशी मी रिक्षात बसले. कोण माणूस? कशाला आला? आणि तो फॉर्म माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

बाहेरच्या खोलीत एक म्हातारा खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता. डोक्याला पटका, मांडीवर पिशवी, हातात पाण्याचा रिकामा तांब्या. मला बघून बिचारा उठलाच. "ताई, मी मलकापूरचा. लेकीकडं चाललोय, पुढच्या गल्लीत. बशीत गर्दी हुती, म्हणून हिला म्हणलं, ओ पावणं, जरा सरका की. तर हिनं हातच धरला माझा. म्हणाली, पावणं, चला घरी. न्हाय म्हणलं तर रडाय लागली. मी तरी काय करू?"

घ्या! आमच्या कोल्हापुरात वाटेवरच्या कुणालाही पावणं म्हणतात, हे तिला सांगायचं मी विसरले होते. त्यानं हाक तिला मारली, पण तिनं शब्द तेवढा धरला: अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, पण हा तर पावणं! चूक तिची नव्हतीच, शंभर टक्के माझी होती.

तेवढ्यात ती स्वयंपाकघराच्या दारात आली. मला बघून म्हणाली, "आणि एक पावणं," आणि आत गेली. लायटरचा आवाज आला. आई ताडकन उठली. मी तिचा हात धरला.

"सोडा बाई, भाजून घेईल ती."

"बसा. माझी शपथ हाय तुम्हाला."

आतून आवाज आला, "एक." मग बराच वेळ काहीच नाही. "दोन." आईची नखं माझ्या मनगटात रुतली होती. "तीन." आणि गॅसचं बटण कट्कन बंद झालं.

तिनं ट्रे आणला. एक कप म्हाताऱ्याला, एक मला. म्हाताऱ्यानं घोट घेतला आणि म्हणाला, "झ्याक झालाय की."

आईनं विचारलं, "आणि मला गं?"

"तू काय पावणी हाईस व्हय?"

आईला आधी हसू फुटलं. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "व्हय की. आता मी पावणीच. कर माझ्यासाठी."

पोरगी परत आत गेली. या वेळी आई उठली नाही.

म्हातारा गेल्यावर आईनं मला फैलावर घेतलं. "आज हा भला होता, उद्या कोण असंल?" खरंच होतं ते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही नवा धडा घेतला: बसमधलं पावणं बसमध्येच सोडायचं, घरचं पावणं आई सांगेल ते. हा धडा शिकायला तिला पावसाळा गेला. फॉर्म मात्र आईनं कधीच भरला नाही. पुढं रद्दीत गेला असेल.

आई जाऊन आता दोन वर्षं झाली. पोरगी त्याच घरात राहते. वर चुलतभावाचा संसार, खाली हिच्या दोन खोल्या. मी निवृत्त झालेय, पण महिन्यातून एकदा जातेच. परवा गेले, पाणी प्यायले, बसले. बराच वेळ झाला तरी चहाचं नाव नाही.

शेवटी मीच म्हटलं, "काय गं, पावण्याला चहा न्हाय व्हय?"

"तुम्ही कुठं पावणं? तुम्ही घरच्या," ती म्हणाली. "उठा, करा. मला पण."

मी निमूट उठले. गॅस पेटवला, दूध ओतलं. चहा दोनदा वर आला, डोळे भरून आले होते म्हणून की काय, मी बटणाकडं हात नेला.

"बाई!" मागून ती ओरडली. "तीन!"