मंगलवहिनींच्या रिव्हॉल्वरची नळी

कापूरहोळच्या फाट्यावर एसटीतून उतरलात आणि हायवेचा सगळा गोंगाट कापत "गरम वडापाव, गरमऽऽ!" अशी आरोळी कानावर आली, की समजायचं त्या आमच्या मंगलवहिनी. माहेर वेल्ह्याकडचं, सासर भोंगवलीच्या अलीकडची आमची वाडी. आवाज असा, की भोरकडे वळणारा ट्रकवाला काच वर असली तरी ब्रेक दाबतो. पण मला वड्यांबद्दल सांगायचं नाही. यंदाच्या जत्रेत वहिनींनी रिव्हॉल्वर कसं काढलं ते सांगायचंय, आणि सांगताना मला अजूनही एका जागी बसवत नाही.

आमच्या वाडीत भैरवनाथाच्या जत्रेला दरवर्षी नाटक होतं. लिहिणारे आम्ही, बसवणारे आम्ही, आपटणारेही आम्हीच. मी प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची हे माझं काम, आणि मी नसतो तर आमची निम्मी नाटकं मुक्यानेच झाली असती. बाईचं काम करायला तेवढी पुण्याहून नटी यायची. गावच्या लेकीसुनांनी रंगमंचाच्या फळीवर उभं राहायचं नाही असा रिवाज. तो कुणी घातला म्हणून विचाराल तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

वहिनींना नाटकाचं वेड लहानपणापासूनचं. आजवर आलेल्या प्रत्येक नटीची भाषणं त्यांना तोंडपाठ. वडे तळताना कढईला ऐकवायच्या. यंदा जत्रा तोंडावर आली आणि पुण्याच्या नटीला मालिकेत काम मिळालं. तिनं फोनवरूनच रामराम ठोकला. जत्रा कमिटीचे प्रमुख मानसिंगअण्णा, फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, देवळाच्या पायरीवर डोकं धरून बसले. वहिनी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"अण्णा, ते काम म्या करते."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "करा. पन आदीच सांगून ठिवतो. फजिती झाली तर पुढच्या सालापास्नं परत पुण्याची बाई. मंग गावातल्या कुठल्याबी बाईनं आमाला इचारायचं न्हाई."

म्हणजे वहिनींबरोबर वाडीतल्या सगळ्याच बायकांचा निकाल त्या एका संध्याकाळी लागणार होता. त्यात घरी सासूबाई, अक्काबाई, बोलायच्या बंद झालेल्या. "सून फळीवर नाचनार अन् म्या बघाया जाऊ व्हय?" एवढं म्हणाल्या आणि त्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

नाटक आमच्याच इंद्रजितचं, 'डोंगरची फौजदारीण'. फौजदारीण वेष पालटून, नऊवारी नेसून दरोडेखोराच्या गुहेत शिरते आणि शेवटी कमरेचं रिव्हॉल्वर उपसून त्याच्यावर रोखते. दरोडेखोर खुद्द इंद्रजित. त्यानं मोबाईलवर कुठलंसं जाड गोळीचं भलंथोरलं रिव्हॉल्वर पाहिलं होतं आणि तसंच पाहिजे म्हणून हटून बसला होता. वाक्यच तसं लिहिलेलं: "हत्ती लोळवणारी गोळी आहे ही!" मागे एकदा आम्ही दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल वापरलं होतं, तेव्हा लोक इतके हसले की मेलेला दरोडेखोरसुद्धा हसला. म्हणून यंदा भोरात जयंतीचे देखावे करणाऱ्या सम्राटला गाठलं. त्यानं सागवानी मूठ, गोळ्यांची जाडजूड चक्री, सगळं झकास घडवलं आणि फोन केला.

"नळी किती लांब ठिवू तेवढं आजच सांगा. उद्यापास्नं जयंतीच्या कामातनं मान वर करायला सवड न्हाई मला."

झालं! सगळी वाडी देवळापुढं गोळा. मी शेतातून ठिबकची काळी नळी आणली आणि तिचे आखूड, मध्यम, लांब असे तुकडे पाडले. वहिनींनी एकेक तुकडा कमरेला खोचून उपसून पाहायचा असं ठरलं. आखूड तुकडा सर्रकन बाहेर आला. मध्यम जरा अडखळला. लांब तुकडा तर ओच्यात असा रुतला की वहिनी स्वतःभोवतीच गिरकी घेऊन खांबावर आदळल्या. पोरी खो खो हसल्या.

"आखूडच," मी म्हणालो. "प्रश्न मिटला."

"तुला काय कळतंय?" अण्णा उसळले. "जाड गोळीला आखूड नळी लावली तर झटका असा बसतो, हात पार आभाळाला. लांब नळीचं वजन फुडं ऱ्हातं, नेम ढळत न्हाई."

"अण्णा, गोळी सुटणारच नाही! लाकडाचं आहे ते!"

"लाकडाचं आसंल. शिस्त लाकडाची न्हाई."

इंद्रजित लांबच्या बाजूला गेला, कारण आपण आखूड नळीनं मेलो तर पाहुण्यांत तोंड दाखवता येणार नाही असं त्याला वाटत होतं. मी हट्टानं आखूडला धरून बसलो. वाद चांगलाच पेटला. सम्राटचा फोन पुन्हा वाजला. तेवढ्यात वहिनींनी दोन्ही तुकडे माझ्या हातात कोंबले.

"तुमी फळीवर जावा. म्या सांगन तवा एकेक वर धरा."

आणि त्या तरातरा मागे चालत गेल्या. आमच्याकडे नाटकाला पुढं पुरुष बसतात. बायका त्यांच्या मागं, पार शाळेच्या ओट्यावर. तो रिवाजही कुणी घातला माहीत नाही. वहिनी त्या ओट्याच्या टोकाला जाऊन बसल्या. मी आखूड तुकडा धरला.

"काय धरलंय ते? बिडी?" त्यांचा आवाज आला.

मी लांब तुकडा धरला. मग वहिनी उठल्या, परत आल्या आणि त्यांनी माझ्या खिशातून वाजणारा मोबाईल स्वतःच काढून घेतला.

"सम्राटभाऊ, हातभर ठिवा. अन् वर बोटभर जास्तच."

मी भडकलो. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? आत्ता खांबावर आपटलात! अडकली तर लोक टिंगल करतील, अन् कमिटीला तेच हवंय!"

"अडकंल तर म्या सोडवीन," वहिनी म्हणाल्या. "पन समद्या बाया तिथं बसत्यात. सासूबाई आल्याच, तर त्याबी तिथंच बसतील. त्यास्नी बिडी दावू व्हय म्या?"

मी अण्णांकडं पाठ फिरवून उरलेले तुकडे गोळा करू लागलो.

पुढचे दिवस वहिनींनी नुसती धमाल केली. ठिबकचा तो तुकडा कायम कमरेला. गिऱ्हाईक "दोन वडापाव" म्हणालं की आधी नळी उपसून त्याच्यावर रोखायच्या, मग वडे द्यायच्या. एसटीचे कंडक्टर मुद्दाम हात वर करून उतरू लागले. डावा हात ओच्यावर दाबायचा, उजवा कोपर मागं न्यायचा अन् एका हिसक्यात नळी बाहेर! जत्रेपर्यंत हात असा बसला की मीही आखूडचं नाव सोडलं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाला, दिवे लागले, मैदान भरलं. नाटकाआधी सगळं सामान देवापुढं ठेवून पूजा होते आणि गुरव प्रत्येक वस्तूला देवाचा दोरा बांधतो: पेटीला, ढोलकीला, माईकला. तो दोरा काम फत्ते झाल्याशिवाय सोडायचा नाही. गुरवानं मोठ्या भक्तीनं रिव्हॉल्वरलाही बांधला. नळी ऐसपैस पाहून दोराही सढळ हातानं गुंडाळला आणि खाली चांगलं लांब शेपूट सोडलं. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. त्या शेपटाचं काय होणार हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

नाटक रंगलं हो! वहिनींना एकदाही वाक्य पुरवावं लागलं नाही. मी विंगेत रिकामा. शेवटचा प्रवेश आला. इंद्रजित राक्षसासारखा हसला आणि म्हणाला, "आता तुला कोण वाचवणार?" वहिनींनी डावा हात दाबला, उजवा कोपर मागं नेला, हिसका दिला.

नळी अर्धी आली आणि थांबली. दोरा ओच्यात गुंतला होता. दुसरा हिसका. तिसरा. इंद्रजित तोंड उघडं ठेवून उभा. पुढच्या रांगेत कुणी तरी फिसकन हसलं, मग दुसरा हसला. पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांनी मान खाली घातली. काय वाक्य पुरवू? पुस्तकात असलं काही लिहिलेलंच नव्हतं.

तेवढ्यात फाट्यावरचा तो आवाज कडाडला.

"हसू नगंस रं मुडद्या! हत्ती लोळवायचाय, कोंबडी न्हाई! येळ लागनारच!"

सगळं मैदान खदखदलं, पण आता ते वहिनींच्या बाजूनं हसत होतं. त्याच हास्यात त्यांनी दोन्ही हातांनी रिव्हॉल्वर धरून असं काही ओढलं की लुगड्याचा ओचा टर्रकन फाटला आणि हातभर काळी नळी, लाल-पिवळा दोरा आणि लुगड्याची चिंधी मिरवत दिव्यात चमकली. मागच्या ओट्यावरच्या बायका ताडकन उभ्या राहिल्या. "मार त्येला, मंगल! मार!" बायकांनी शिट्या मारल्या! आमच्या वाडीत! गोळीच्या आवाजासाठी पडद्यामागं बार उडवणारा गडी तिकडंच बघत राहिला. इंद्रजित आवाजाविनाच मरून पडला, सुतळी बॉम्ब मागाहून फुटला, म्हणून बिचारा पुन्हा उठून रीतसर मेला. मी विंगेत एकटाच नाचत होतो.

सकाळी मी आणि अण्णा वहिनींच्या घरी गेलो. अण्णांनी चहाला हात लावायच्या आधीच सांगून टाकलं, "पुण्याला फोन केला. म्हनलं, पुढच्या साली यायची गरज न्हाई. हितं बाया हायेत."

वहिनी हसल्या, पण त्यांचं लक्ष कोपऱ्यात होतं. तिथं अक्काबाई तांदूळ निवडत होत्या. काल त्या आल्या होत्या की नाही, वहिनींनी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. म्हातारीनं सुपातून मान वर केली नाही.

"मंगल," त्या म्हणाल्या, "ओट्यावरनं नळी लख्ख दिसली. पन तू पाठमोरी हुतीस तवा तोंड दिसलं न्हाई."

वहिनींनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"पुढच्या सालच्या नाटकात म्हातारीचं काम हाय का?"

"हाय की," वहिनी म्हणाल्या. "इंद्रजितनं लिवून ठिवलंय. पन तिला गोळी लागती, आत्याबाई. मरती ती."

अक्काबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मरू दे. पन बायांकडं तोंड करून मरीन म्या."