सरळ जुळलेला कणा

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. म्हणाले, "हा कणा जुळत चाललाय. मणके एकमेकांना चिकटतात आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एक दांडा होतो. ते थांबवणारं औषध आज कुणाकडेच नाही. तो सरळ जुळवायचा की वाकडा, एवढंच तुमच्या हातात आहे."

गोष्ट आणीबाणीच्या आधीची. मी तिशीही गाठली नव्हती. सीताबर्डीवर एका कापड दुकानात सेल्समन होतो. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात बसून मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. मनात म्हटलं, वा रे डॉक्टर! रोग देता अन् वरून पसंती विचारता, जसं काही मी साडी पाहायला आलो.

आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. नाव तोंडात बसायलाच मला आठवडा लागला. पाठीच्या सांध्यांना सूज येते, सूज उतरता उतरता तिथे हाड धरतं, आणि पाठ वळायची बंद होते. म्हणजे म्हातारपणी होणारी कंबरदुखी नव्हे. ही ऐन तारुण्यात पकडते.

तुमच्या घरात कुणाला अशी शंका असेल तर एक खूण सांगतो. साधी पाठदुखी आरामानं थांबते, ही आरामानंच वाढते. सकाळी मी पार आखडलेला असे. बायकोनं, शालूनं, हात दिल्याशिवाय उठून बसता येत नसे. दुकानात जाऊन कापडाची थानं उचलायला लागलो की मोकळा. शालू म्हणायची, "वा! दुकानात बरी चालते तुमची पाठ, घरी पाणी भराले सांगतलं का आखडते!" तिचा काय दोष? बघणाऱ्याला ते सोंगच वाटतं.

डॉक्टरांनी विचारलं, "घराण्यात कुणाची पाठ अशी आहे?"

मी म्हटलं, वडिलांची आहे, पण ती मागावरची. बाबा विणकर होते. आमच्याकडचा माग खड्ड्याचा, पाय खड्ड्यात सोडून दिवसभर कापडावर ओणवं बसायचं. आमच्या मोहल्ल्यात म्हाताऱ्याची पाठ वाकली की 'मागावरची पाठ' म्हणायचे आणि विषय संपायचा. बाबांची तर हनुवटी छातीला टेकली होती. उभ्या माणसाचं त्यांना गुडघ्यापर्यंतच दिसायचं. घरात कोण आलं ते पायांवरून ओळखायचे.

मी शाळेत असतानाच त्यांनी माग विकला आणि खड्डा मातीनं बुजवून टाकला. "माह्या पोट्ट्याची पाठ नाही वाकली पाहिजे," म्हणाले. त्यांच्या हातचे काठ लोक लांबून ओळखत. असा कारागीर त्यानंतर दुसऱ्याच्या दुकानात सुताच्या लडी बांधत बसला, माझ्यासाठी.

डॉक्टर म्हणाले, "मागाचा संबंध नाही. हा आजार घराण्यातून येतो. वडिलांनाही हाच झालेला असणार."

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. लपवून काय करणार होतो? ते बाजेवर बसून जमिनीकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "मंग खड्डा काहून बुजवला म्या?"

त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि त्यांना जेवा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आजही आठवलं की जीव कासावीस होतो.

गोळ्या सुरू झाल्या. दुखणं कमी व्हायचं, पण पोटात आग पडायची. डॉक्टरांचा सगळा जोर व्यायामावर. "कुठेतरी नियमित जा," म्हणाले. आता कुठे जायचं, हा खरा प्रश्न. त्यात मी जे केलं ते तुम्ही करू नका.

आधी महालातल्या आखाड्यात गेलो. वस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काही नाही गा हे, वात आहे. तेल जिरवतो, दंड मारवतो, वाघ करतो तुले!" मग पाठीवर गुडघा देऊन असा काही दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. माणूस दिलदार, शब्दाचा पक्का. पण त्यांच्याकडे ताकद मिळायची, आणि माझं दुखणं ताकदीचं नव्हतंच. रोग रेड्याला अन् औषध पखालीला.

मग रामदासपेठेतला योगवर्ग धरला. शांत जागा, सतरंज्या, उदबत्ती. तिथे सगळ्यांना सगळी आसनं सारखीच. कपाळ गुडघ्याला लावा, अजून वाका, अजून. मला येत नसे. गुरुजी मायेनं म्हणत, "येईल हळूहळू." मनाला बरं वाटे म्हणून मी जात राहिलो. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते चिडलेच. "अहो, तुमची पाठ आपणहून पुढे वाकते आहे, आणि तुम्ही तिला मदत करायला जाता?"

शेवटी धंतोलीतल्याच एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत गेलो. तिथे फिजिओथेरपीच्या बाई होत्या, म्हणजे व्यायामानं उपचार करणाऱ्या. ओल आलेली भिंत, एक आरसा, चार लाकडी बाकं. बाईंनी पाठीला हातही लावला नाही, आधी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"दुखणं जाऊ द्या, बस."

"ते इथे मिळत नाही."

मी उठायलाच निघालो होतो. म्हटलं, "मंग काय मिळते?"

"दुखत राहील. पण म्हातारपणी लोकांच्या तोंडाकडे बघून बोलाल. हवं असेल तर उद्यापासून या."

असं तोंडावर खरं सांगणारं मला तोवर कुणी भेटलं नव्हतं. मी गेलो. पालथं झोपून छाती उचलायची, भिंतीला टाच आणि डोकं लावून उभं राहायचं, श्वास फासळ्यांत भरायचा. घरी गादी बंद, उशी बंद, फळीवर पालथं झोपणं. शालूनं स्वतःच्या हातानं माझी उशी माळ्यावर टाकली आणि मग पदर तोंडाला लावून रडली.

एक दिवस बाबा म्हणाले, "मले बी घेऊन चाल." बाईंनी त्यांना तपासलं, हळूच म्हणाल्या, "बाबा, तुमचं आता काही होणार नाही हो."

"हाव, मी माह्यासाठी नाही आलो बाई. हा बराबर करून राहिला का नाही, ते पाहाले आलो."

मग ते बाकावर बसून राहिले. बघायला आले होते, पण त्यांना तिथून आमचे पायच तेवढे दिसत होते. बाई तोंड फिरवून आरसा पुसू लागल्या.

वर्षं गेली. पाठ जुळली, मानही जुळली, पण सरळ. गिऱ्हाईक म्हणतात, "काय ताठ उभे राहता हो!" दुखणं गेलं नाही. बाईंची पुढे बदली झाली, पण त्यांचे उपकार मी जन्मभर मानीन. तुम्ही जागा निवडाल तेव्हा आधी विचारा, इथे काय मिळतं? मग स्वतःला विचारा, आपल्याला तेच हवंय का? आणि हेही माहीत असू द्या, की सरळ जुळलेला कणा परत वाकत नाही. मला सणासुदीला बाबांच्या पायाला हात लावता येईना. त्यांना वर बघता येईना, मला खाली वाकता येईना. एका घरात राहून वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

मग बाबांची छाती कफानं भरली. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. लोकांनी त्यांना बाजेवरून जमिनीवर घेतलं, शेवटच्या वेळी घेतात तसं. ते कुशीवर पडून काहीतरी पुटपुटत होते. सगळे वाकून ऐकत होते. मी एकटा खांबासारखा उभा. मुलगा असून मला बापाचं बोलणं ऐकता येत नव्हतं.

शालूला म्हटलं, "मले खाली निजव वं." तिनं आणि शेजाऱ्यानं मला धरून खाली उतरवलं. मी बाबांच्या समोर कुशीवर पडलो.

कितीक वर्षांनी त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. त्यांनी डोळे उघडले, मला न्याहाळलं, मग हात वर करून माझ्या कानाजवळचे पांढरे केस चाचपले.

"बापा रे," म्हणाले, "किती बुढा झाला गा तू!"

"हाव बाबा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते गेले.