दर अमावास्येला कोल्हापूर

आमच्या निपाणीच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, की अण्णाला दर अमावास्येला देवाला नेतात. ही समजूत वडिलांनी फार कष्टानं रुजवली होती. खरं तर माझा हा थोरला भाऊ कोल्हापूरला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जायचा. डॉक्टर बेळगावातही आहेत, पण तिथं आमचे निम्मे पै-पाहुणे राहतात. मीही नोकरीनिमित्त तिथल्याच टिळकवाडीत असते. म्हणून राज्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रात जायचं. दर महिन्याला दाखवायला या म्हटल्यावर वडिलांनी अमावास्याच मागून घेतली. डॉक्टरांना ते फार श्रद्धाळू वाटले असावेत. परतताना वाटेतल्या एका देवळातून नारळ आणि अंगारा घ्यायचा, आणि आईनं खोबऱ्याचे तुकडे गल्लीभर वाटायचे.

गल्लीला यात काही वावगं वाटत नव्हतं. बाहेरचं लागलं म्हणजे कुणाची तरी नजर, कुणाची तरी करणी; त्यात घराण्याला बोल लागत नाही. डोक्याच्या डॉक्टरचं नाव निघालं की मात्र आजा-पणजापर्यंत चौकशी होते आणि घरातल्या पोरीचं लग्न अडतं. ती पोरगी मी. हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय, असं मला ऐकवलं जाई आणि माझा संताप संताप होई. मला कुणी विचारलं नव्हतं.

गोळ्यांनी अण्णाला गुण आला. कानात बोलणारी माणसं गेली, तो पुन्हा दुकानात बसू लागला. घोळ झाला तो इथं. शेजारच्या काकूंची सून बाळंतपणापासून झोपत नव्हती, लेकराला जवळ घेत नव्हती, नुसती भिंतीकडे बघत बसायची. मी सुट्टीला घरी आले होते, तेव्हा काकू आईकडे आल्या.

"आक्का, तुमच्या पोराला लई गुण आला बघा. कुठला देव त्यो? आमच्या सुनेलाबी न्हेतो."

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नारळाच्या देवळाचं नाव सांगून टाकलं.

त्यांनी नेलं. पुढच्या अमावास्येलाही नेलं. सून वाळतच गेली. मी पुन्हा घरी आले असताना एका दुपारी तिला विहिरीच्या कठड्यावरून ओढून आणलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "आजून एक अमावास्या व्हायला पायजे."

अण्णानं हे ऐकलं. गोळ्यांची पट्टी घेऊन तो तडक त्यांच्या दारात गेला. मी मागोमाग होते.

"काकू, देव-बिव काय न्हाय. मी डॉक्टरकडं जातो. ह्या गोळ्या खातो. सुनेलाबी तिकडं न्ह्या."

काकूंनी वाकून पट्टीकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा सैल पडला. त्यांना पटलं, असं मला वाटलं.

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. आवाजात सुटकाच होती. "तुझं येगळं हाय रं बाबा. आमची सून काय येडी न्हाय. तिला बाहेरचं हाय."

अण्णानं पुढं केलेली पट्टी मागं घेतली.

तेवढ्यात सून आतून दारापर्यंत आली. तिची नजर अण्णाच्या हातावर होती.

"अण्णा, ह्यानं झोप लागती व्हय?"

"लागती."

काकू तिला आत ढकलू लागल्या. ती चौकट सोडेना.