जास्वंदीतले दात आणि माझा पासपोर्ट

तुम्हाला म्हणून सांगतो. घरात हे कुणाला ठाऊक नाही — बायकोला नाही, बाबांना तर नाहीच. आमच्याकडे आल्यागेल्याला एक गोष्ट हमखास ऐकवली जाते: खारीने माझा पासपोर्ट खाल्ला आणि माझी अमेरिका हुकली. सगळे हसतात. मीही हसतो. पण — थांबा, आधी खारीबद्दल सांगू द्या. मुद्द्याची घाई तुम्हाला असेल, मला नाही.

खारी म्हणजे आमची कुत्री. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीखालच्या बेकरीपाशी सापडलेलं पिल्लू. रंग भाजलेल्या खारीचा, म्हणून खारी. आईचा विरोध होता, बाबांचा त्याहून मोठा. बाबा गणिताचे निवृत्त मास्तर. कुत्री पाळणारी माणसं रिकामटेकडी असतात, असं त्यांचं ठाम मत. आठवड्याभरात खारी त्यांच्या मांडीवर बसून पेपर वाचायला लागली. अशा ठाम मतांचं करायचं काय, सांगा!

चार महिन्यांची झाली आणि तिने चावायचा सपाटा लावला. चपला, खुर्चीचे पाय, आईच्या साडीचा काठ. मग एका सकाळी बाबांना फरशीवर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला, आणि खारीच्या तोंडाला जरासं रक्त. झालं! तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे. डॉक्टर हसले. म्हणाले, माणसांच्या पोरांसारखेच कुत्र्यांचेही दुधाचे दात पडतात. चार महिन्यांच्या सुमारास आधी पुढचे, मग सुळे आणि दाढा. सहा-सात महिन्यांची झाली की तोंडभर नवे दात. बरेचसे तर पिल्लं खाताना गिळूनच टाकतात. हिरड्या शिवशिवतात म्हणून दिसेल ते चावत सुटतात. ओलं फडकं गार करून द्या, आणि हो — चांगल्या वस्तू उचलून ठेवा.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

आधी पुण्याच्या कसबा पेठेत राहत होतो तेव्हा माझे दात कौलांवर फेकले होते, उंदराने बदल्यात नवे द्यावेत म्हणून. बिबवेवाडीच्या फ्लॅटला कौलं कुठली? मग खारीचे दात कुंडीत पुरायचे ठरले. "तुळशीत नको हं," आईने बजावलं, "जास्वंदीत पुरा." बाबा खुरपं घेऊन बसायचे, खारी शेजारी बसून आपल्याच दातांचं काय होतंय ते बघायची.

आणि नेमक्या त्याच दिवसांत मला अमेरिकेला जायचं होतं. हडपसरला शेतं जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यांतल्या एकीत मी नोकरीला होतो. कंपनीने तिकडच्या कामावर, म्हणजे ऑनसाइट, पाठवायचं ठरवलं आणि व्हिसा लागला. बाबांनी कसब्यात जाऊन घरोघरी सांगितलं, "चिरंजीव निघाले." आईचं मेतकूट, लोणची बांधून तयार. आणि चिरंजीव? चिरंजीव घाबरले होते. विमानाला नव्हे — तिथल्या माणसांना. फोनवर ते बोलायचे त्यातलं निम्मं मला कळायचं नाही. बाकीचे हसले की मी हसायचो. शेजारच्या टेबलावरचा मित्र सांभाळून घ्यायचा. तिथे कोण घेणार होतं? पण नको कसं म्हणायचं? ऑनसाइट नको म्हणणारा माणूस आमच्या ऑफिसात कुणी पाहिला नव्हता. आणि बाबांना कसब्यात पुन्हा घरोघरी जाऊन काय सांगायला लावायचं?

एके दिवशी बाबांनी शेजारच्या काकांना कौतुकाने माझा पासपोर्ट दाखवला आणि तो बुटक्या टीपॉयवरच राहिला. आईबाबा भाजीला गेले. घरात मी आणि टीपॉयखाली झोपलेली खारी. मला डॉक्टर आठवले.

फ्रीजमधलं श्रीखंड काढून मी पासपोर्टला लावलं. हसू नका. खारीने ते अगदी शिस्तीत चाटून साफ केलं — आणि पासपोर्ट चावला मात्र नाही! चावणार कशाने? वरचे पुढचे दात त्याच आठवड्यात जास्वंदीत गेले होते. उघड्या हिरड्यांना तो जाड पुठ्ठा लागत असणार. मी तिच्या तोंडात कोपरा धरून पाहिला. तिने तो बाजूला ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा झोपली.

मग — आता सांगूनच टाकतो. मग तो मी चावला. हो, मी. चांगला शिकलासवरला इंजिनिअर, फरशीवर उकिडवा बसून पासपोर्ट कुरतडत होतो. व्हिसाचं पान दातांत धरून टरकावलं. चव खळीची, वेलदोड्याचीही थोडी. तो ओला लगदा झोपलेल्या खारीच्या पायांशी ठेवला आणि जाऊन चूळ भरली.

बाबा आले, त्यांनी पाहिलं. ओरडले नाहीत. "वा, बाईसाहेब! पासपोर्ट झाला. आता आपल्याला रेशन कार्ड काढून देऊ का?" जिला कालपर्यंत 'अगं ठमे' म्हणायचे, तिला 'आपण'! पेपर उघडला की खारी खुर्चीपाशी शेपूट हलवत उभी राहायची. मांडी मिळायची नाही.

नवा पासपोर्ट वेळेत मिळणं शक्य नव्हतं. माझ्या जागी तो शेजारच्या टेबलावरचा मित्र गेला, तिकडेच रमला. मीही इथे मजेत आहे. खरं सांगतो, अमेरिका हुकल्याचं मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही. ते दुखणं नाहीच.

दुखणं वेगळं आहे. काही दिवसांनी बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. फळ्यावरचं गणित चुकलं तर खडूला दोष देणारा हा माणूस. म्हणाले, "चूक माझी आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, वस्तू उचलून ठेवा. मीच खाली ठेवला. तिला काय कळतंय, तिचे दात येतायत. तुझं नुकसान केलं मी."

तेव्हा सांगता आलं असतं ना? तोंड उघडायचा अवकाश होता. मी काय म्हणालो? "जाऊ द्या हो बाबा, होतं असं." मोठ्या मनाने माफ केलं — मी, त्यांना! दुसऱ्या दिवशी खारीला मांडी परत मिळाली. तिची शिक्षा बाबांनी अशी स्वतःकडे घेतली आणि आजतागायत ठेवली आहे.

खारी भरपूर जगली, म्हातारी होऊन गेली. बाबा आता कवळी लावतात, ऐकायला कमी येतं, पण गोष्ट सांगायची हौस तीच. परवा पाहुणे आले होते. बाबांनी पुन्हा सगळं रंगवून सांगितलं आणि शेवटी नेहमीसारखं म्हणाले, "तिचा दोष नाही हो. पासपोर्ट मी खाली ठेवला होता." पाहुणे हसले. मी चिवड्याची बशी पुढे केली आणि म्हणालो, "घ्या ना, घरचा आहे."